पगार थकला की पलटण कोणाची? यादवी युद्धाचा पट मांडताना

घरच्या घरी होणाऱ्या युद्धाला मराठीत फार नेमका शब्द आहे : यादवी. प्रभासक्षेत्री यादवांनी एकमेकांना मारलं ते एकाच किनाऱ्यावरचं गवत उपटून. दोघांच्या हातात तेच शस्त्र. यादवी युद्धावर पटखेळ रचताना खरी अडचण इथेच येते. परक्या शत्रूशी झालेल्या लढाईत दोन बाजू आपोआप वेगळ्या दिसतात. एकीकडे घोडदळ जास्त, दुसरीकडे तोफा चांगल्या, असं काहीतरी हाताला लागतं. यादवीत दोन्हीकडे तीच कवायत, तशाच तोफा, तेच सावकार. फरक उरतो दोनच गोष्टींत : पगार कोण देतो आणि गादीवर हक्क कोणाचा. ज्या खेळाचे नियम या दोन खांबांवर उभे नाहीत तो खेळ कितीही देखणा असला तरी यादवीचा नाही, असं माझं ठाम मत आहे.

इंदूरच्या मराठी माणसाला यासाठी लांबचं उदाहरण नको. १८०१-०२ चं होळकर-शिंदे युद्ध आपल्या दारातलं. जुलै १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनला शिंद्यांच्या हेसिंगच्या पलटणी मोडल्या. १४ ऑक्टोबर १८०१ ला शिंद्यांचा सेनानी सदरलंड याने इंदूरजवळ यशवंतरावांचा पराभव केला आणि दौलतराव शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटग्यांनी शहर लुटलं, राजवाडा जाळला. मग २५ ऑक्टोबर १८०२ ला, ऐन दिवाळीत, पुण्याजवळ हडपसरला होळकरांनी शिंदे आणि पेशवे दोघांच्या फौजा मोडल्या. पाठोपाठ ३१ डिसेंबर १८०२ ला पेशव्यांचा इंग्रजांच्या कंपनीशी वसईचा तह झाला. अठरा महिने, तीन मोठ्या लढाया आणि शेवटी जिंकलेल्याच्या हाती काही नाही. पटखेळाला याहून चांगला विषय मराठीत मिळणं कठीण.

माळव्यात शिरण्याआधी बाहेरच्या यादवींवरच्या खेळांकडून काय उचलायचं ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या यादवीवर सर्वांत जास्त खेळ निघाले. अ‍ॅव्हलॉन हिल या अमेरिकी कंपनीचा ‘गेटिसबर्ग’ हा खेळ १९५८ साली आला तेव्हा त्याच्या पटावर चौकोन होते. षटकोन आले १९६१ च्या आवृत्तीत. कारण साधं आहे. चौकोनात तिरकी चाल सरळ चालीच्या १.४१ पट लांब पडते आणि तिरक्या चालणाऱ्या घोडदळाला फुकट वेग मिळतो. षटकोनाला सहा शेजारी असतात आणि सहाही मध्यापासून सारख्याच अंतरावर.

त्या युद्धाची मोठी अडचण आकड्यांची. उत्तरेकडे सुमारे २ कोटी २० लाख माणसं, दक्षिणेकडे ९० लाख, आणि त्यांतली ३५ लाखांहून जास्त गुलामीत. प्रामाणिक खेळात दक्षिण सरळ लढून जिंकूच शकत नाही. म्हणून चांगले रचनाकार जय-पराजय ८ नोव्हेंबर १८६४ च्या अध्यक्षीय निवडणुकीला बांधतात : तोवर उत्तरेची लढायची इच्छा संपली तर दक्षिण जिंकली. मग २ सप्टेंबर १८६४ ला अटलांटा पडणं हे नुसतं शहर पडणं राहत नाही, त्याला घड्याळाचं वजन येतं. दुसरी उचलण्याजोगी गोष्ट म्हणजे राजकीय सेनापती. उत्तरेचे बँक्स आणि बटलर रणांगणावर सुमार होते, पण त्यांच्यामागे मतं होती. त्यांना हटवायचं तर खेळाडूने राजकीय गुण मोजावेत. इंग्लंडच्या यादवीत कॉर्नवॉलचे शिपाई टेमार नदी ओलांडून परमुलखात जायला कुरकुरत. स्पेनमध्ये मे १९३७ ला बार्सिलोनात प्रजासत्ताकाच्याच बाजूचे गट रस्त्यावर एकमेकांशी लढले. मराठी पटावर यांचे थेट जोड सापडतात.

आता पट. उत्तरेला उज्जैन, दक्षिणेला पुण्याच्या खाली सिंहगड, पश्चिमेला वसई, पूर्वेला बऱ्हाणपूर-अशीरगड एवढा मुलूख धरा. एक षटकोन १५ किलोमीटरचा ठेवला तर उभे ३८ आणि आडवे ३० रकाने लागतात. षटकोन समोरासमोरच्या बाजूंमध्ये २० मिमीचा असेल तर रकान्यांमधलं अंतर १७.३ मिमी येतं (२० गुणिले ०.८६६). पट सुमारे ७७० × ५२५ मिमी होतो आणि ए-१ कागदावर (८४१ × ५९४) बसतो. उरलेल्या पट्टीत पाळ्यांची आणि खजिन्याची मोजपट्टी काढा.

नर्मदा आजच्या उपग्रह-नकाशावरून काढू नका. इंदिरा सागर, ओंकारेश्वर आणि सरदार सरोवर या धरणांनी पात्र फुगलंय, जुने उतार, म्हणजे नदी पायी ओलांडायच्या जागा, पाण्याखाली गेलेत. धरणांच्या आधीचा नकाशा समोर ठेवून मांधाता, महेश्वर, खलघाट आणि चिखलदा हे उतार नदीच्या कडेवर खुणेने दाखवा. रस्त्यांचंही तसंच. आजचा आग्रा-मुंबई महामार्ग जसाच्या तसा उतरवला तर घाटांचं महत्त्व नाहीसं होतं. माळवा पठारावर आहे, इंदूर साडेपाचशे मीटरवर, निमाड खाली. जाम घाट आणि सिमरोळचा घाट या दोन ठिकाणीच तोफा उतरू द्या, त्यासाठी चालीचे ३ गुण जादा घ्या. बाकी कड्यावरून फक्त घोडदळ. एवढ्या एका नियमाने महेश्वर आणि इंदूर यांचं नातं पटावर जिवंत होतं. निजामाचा मुलूख वेगळ्या छटेत ठेवा; तिथून जाणाऱ्याने दर पाळीला खजिन्यातून १ द्यावा. अहमदनगरचा किल्ला शिंद्यांकडे, चांदवड होळकरांचं.

छपाईत सगळ्यात जास्त डाव बिघडतात ते मापाने. दुकानातलं यंत्र ‘पानात बसव’ या खुणेवर असतं आणि पट ९७ टक्क्यांवर छापून येतो. मग १५ मिमीच्या सोंगट्या २० ऐवजी १९.४ मिमीच्या षटकोनात दाटतात. फाइलच्या कोपऱ्यात बरोबर १०० मिमीची रेघ ठेवा आणि पैसे देण्याआधी पट्टीने मोजा. फ्लेक्सवर छापू नका : चकाकतो, गुंडाळल्याची वळी जात नाही आणि सोंगट्या घसरतात. मॅट कागद ३ मिमी सनबोर्डवर चिकटवलेला उत्तम.

सोंगट्या १५ मिमीच्या केल्या तर ए-४ वर १२ × १८, म्हणजे २१६ बसतात. या युद्धाला दीडशे पुरतात, उरलेल्या खुणांसाठी. इंदूरच्या खजुरी बाजारात किंवा कुठल्याही बाइंडिंगवाल्याकडे २ मिमीचा कडक पुठ्ठा मिळतो. पांढरा गोंद पाणी घालून लावला तर कागद सुकताना आकसतो आणि पुठ्ठा वाटीसारखा वळतो. उपाय दोन : स्प्रेचा गोंद, किंवा पांढरा गोंद पातळ न करता दोन्ही बाजूंना कागद लावणं, म्हणजे ताण समान पडतो. वर जड पुस्तकं ठेवून २४ तास हात लावू नका. कापताना पोलादी पट्टी आणि नवं पातं घ्या, तीन-चार हलके हात मारा. एकाच जोरात कापलं की पुठ्ठ्याचा खालचा थर फाटतो. होळकरांना त्यांच्या निशाणाचा लाल-पांढरा पट्टा द्या, शिंद्यांना भगवा. पण रंगाबरोबर कोपऱ्यात ‘हो’ आणि ‘शिं’ अक्षरही हवं. पलटण बाजू बदलते तेव्हा सोंगटी उलटायची असते, म्हणून प्रत्येक कवायती पलटणीच्या मागे दुसऱ्या बाजूचा रंग छापा.

वेळेचा हिशोब असा. जुलै १८०१ ते डिसेंबर १८०२ असे १८ महिने. जुलै ते सप्टेंबर हे पावसाळी महिने प्रत्येकी एक पाळी, बाकीचे महिने प्रत्येकी दोन. म्हणजे पावसाच्या ६ आणि कोरड्या २४, एकूण ३० पाळ्या. पावसात नर्मदा आणि तापीचे उतार बंद. नावेने दर पाळीला एकच थर (एका षटकोनातल्या सोंगट्यांची चळत) पार होतो आणि तोफा नाहीतच. १८०१ च्या पावसाळ्यात शिंद्यांच्या पलटणी एकवटलेल्या नव्हत्या, तुकड्यातुकड्यांनी पुढे येत होत्या, आणि यशवंतरावांनी नेमका त्याचा फायदा उठवला. हा नियम कडकपणे पाळला तर उज्जैनचा प्रसंग वेगळं काही न लिहिता पटावर घडतो. रचना बरोबर असल्याची याहून चांगली खूण नाही.

चाली : कवायती पायदळ आणि बैलांच्या तोफा ८ षटकोन, पागा आणि शिलेदार (दोन्ही घोडदळ) १४, पेंढारी १८. पावसाळी पाळीत सगळ्यांच्या चाली निम्म्या, पाळी महिन्याची असली तरीही.

आता गाभा, म्हणजे पगार. प्रत्येक कवायती पलटणीला दर पाळीला खजिन्यातून १ गुण, पागेला १, तोफखान्याला १, पेंढाऱ्यांना शून्य. प्रत्येक पलटणीवर निष्ठेचा आकडा छापा, ६ ते १०. पगार थकला की त्या पलटणीखाली एक थकबाकीची खूण. परीक्षा दोन फाशांची : बेरीज निष्ठेइतकी किंवा कमी आली तर पलटण टिकते, आणि थकबाकीच्या प्रत्येक खुणेमागे निष्ठा एकाने खाली मोजायची. निष्ठा ९ असेल तर टिकण्याची शक्यता ८३ टक्के. एक पगार थकला तर ७२, दोन थकले तर ५८, तीन थकले तर ४२, चार थकले तर २८. पहिल्या थकबाकीला ११ टक्के जातात, तिसरीला जवळपास १७. एका फाशाने हेच केलं तर दर खुणेला सरळ १७ टक्के जातात आणि पहिल्या थकबाकीपासूनच खेळाडू घाबरून फौज मोडायला लागतो. दोन फाशांमुळे त्याला वाटतं की एक पगार लांबवला तर चालेल, आणि तो कड्याकडे सरकत जातो. दौलतराव शिंद्यांचा दरबार बरीच वर्षं असाच चालला होता. १७९८ मध्ये सर्जेराव घाटग्यांनी पुण्यात जी वसुली केली ती फौजेच्या पगारापायीच.

परीक्षा दर पाळीला घेऊ नका. बहुतेक नवे रचनाकार इथेच चुकतात. वीस पलटणींची दर पाळीला परीक्षा म्हणजे तीस पाळ्यांत सहाशे दानं. खेळ लांबतो आणि नशिबावर जातो. परीक्षा तीनच प्रसंगी घ्या : पगार थकला, लढाई हरली, किंवा त्या थरातला सरदार पडला.

नापास झालेली पलटण लगेच शत्रूकडे गेली तर खेळाडूच्या हातात काही उरत नाही, आणि इतिहासातही तसं क्वचितच होई. शिपाई आधी धरणं धरत, सरदाराला तंबूबाहेर पडू देत नसत. म्हणून नापास पलटण आधी ‘धरणे’ अवस्थेत जाते : हलत नाही, हल्ला करत नाही, बचाव निम्म्या बळाने करते. पुढच्या पाळीत सगळी थकबाकी चुकती केली तर धरणं उठलं. नाही तर पुन्हा परीक्षा, आणि यावेळी नापास झाली की सोंगटी उलटी. मधल्या पाळीत समोरचा खेळाडू २ गुण देऊन फितुरीचा प्रयत्न करू शकतो, त्याने निष्ठा आणखी २ ने खाली जाते. फितुरीचे पैसे डाव फसला तरी परत नाहीत. ते परत मिळत असतील तर प्रत्येकजण दर पाळीला प्रत्येक पलटणीवर बोली लावतो आणि युद्ध बाजूला राहून लिलाव सुरू होतो.

खजिना येतो परगण्यांच्या वसुलीतून आणि लुटीतून. शहर लुटलं की लगेच ३ गुण, पण पुढच्या ६ पाळ्या तिथली वसुली शून्य. हे कागदावर समतोल वाटतं, पण शेवटच्या सहा पाळ्यांत बिघडतं : वसुली बुडाल्याची शिक्षा भोगायला पाळ्याच उरत नाहीत, म्हणून दोघेही शेवटी सगळी शहरं लुटत सुटतात. लुटीची किंमत खजिन्यात न मोजता हक्काच्या मोजपट्टीवर मोजा. प्रत्येक लुटीमागे १ हक्क कमी, कायमचा. स्वतःच्या घराण्याचं शहर लुटलं तर २.

हक्क ही दुसरी मोजपट्टी, ० ते १२. इथे या युद्धातल्या माणसांना जागा मिळते. तुकोजी होळकर १७९७ साली वारले. त्यांच्या मुलांपैकी काशीराव आणि मल्हारराव औरस, यशवंतराव आणि विठोजी अनौरस. त्याच वर्षी मल्हारराव पुण्यात शिंद्यांच्या हल्ल्यात मारले गेले, आणि त्यांचा मुलगा खंडेराव याच्या नावाने यशवंतराव लढत राहिले. खंडेराव शिंद्यांच्या कैदेत. त्याची सोंगटी अशीरगडावर ठेवा. होळकरांनी ती सोडवली तर हक्क ३ ने वर. म्हणजे होळकर खेळाडूपुढे पहिल्या पाळीपासून खरा पेच उभा राहतो : अशीरगडाला वेढा घालायचा की पुण्याकडे निघायचं. विठोजींना एप्रिल १८०१ मध्ये पुण्यात पेशव्यांच्या हुकमाने हत्तीच्या पायी दिलं गेलं. पट त्यानंतर मांडला जातो, म्हणून होळकरांकडे पेशव्यांशी तडजोडीचा पर्याय खेळाच्या सुरुवातीला ठेवू नका.

शिंद्यांची अडचण वेगळी. त्यांची सर्वांत चांगली फौज उत्तरेत, आणि तिचा फ्रेंच सेनापती पेराँ अलिगढला. ती पटाबाहेरच्या चौकटीत ठेवा. दर कोरड्या पाळीला एक फासा टाका, ६ आला तरच एक पलटण उज्जैनला उतरते. शिंदे खेळाडू चिडेल. चिडू दे.

लढाईचा नियम मी साधा ठेवतो, कारण डोकं पगारात गुंतलेलं असतं. जितकं बळ तितके फासे. पायदळाला ६ वर मार, तोफखान्याला ५-६ वर. सहा फाशांत एकही मार न बसण्याची शक्यता पायदळाला ३३ टक्के, तोफांना ९. जास्तीत जास्त तीन फेऱ्या. मार खाल्लेल्या फळीवर पुढच्या फेरीत घोडदळ गेलं तर त्याला ४-५-६ वर मार. हडपसरला यशवंतरावांनी स्वतः घोडदळ घेऊन जो घाव घातला तो या नियमातून येतो : आधी कवायती पलटणींनी फळी हलवायची, मग घोडे. घोडे आधी घातले तर तोफा त्यांना खातात. हरून मागे हटणाऱ्याच्या तोफा फाशावर १ ते ४ आले तर पाडाव होतात. त्या जिंकणाऱ्याला लगेच वापरू दिल्या तर एका लढाईत डाव संपतो, कारण जिंकणारा फुगतच जातो. तोफा डागणारे गोलंदाज मिळायला वेळ लागतो, म्हणून पाडाव तोफा दोन पाळ्या गप्प, आणि पगार मात्र पहिल्या पाळीपासून.

शेवटी पेशवे. दुसऱ्या बाजीरावांची सोंगटी कुठल्याही खेळाडूच्या हाती देऊ नका. दिली तर तो तिला निव्वळ राखीव गुण म्हणून लपवून ठेवतो. पुण्यापासून ३ षटकोनांच्या आत पेशव्यांच्या बाजूचा पराभव झाला की ‘पेशव्यांची वाट’ ही पाच घरांची पट्टी सुरू होते : सिंहगड, रायगड, महाड, सुवर्णदुर्ग, वसई. दर पाळीला एक घर. ऑक्टोबरअखेर ते डिसेंबरअखेर बरोबर पाच पाळ्या भरतात. होळकर खेळाडू दर पाळीला २ हक्क खर्चून वाट एक घर मागे खेचू शकतो, म्हणजे परत या असा निरोप आणि त्यामागचा शब्द. बाजीरावांचे दत्तक बंधू अमृतराव यांच्याकडे पुण्याचा कारभार दिला तर पुण्याची वसुली होळकर खेळाडूला मिळते, पण वाट त्या पाळीत दोन घरं पुढे जाते. पेशवे वसईला पोचले की कंपनीशी तह, खेळ तिथेच संपला. तेव्हा ज्याचा हक्क ६ पेक्षा कमी तो हरला. दोघांचा कमी असेल तर दोघेही हरले.

हा ‘दोघेही हरले’ नियम काहींना खटकतो. तो काढून पाहा : होळकर खेळाडू पुणे लुटून शांत बसतो आणि शेवटच्या पाच पाळ्यांना काही अर्थ राहत नाही.

पूर्ण खेळाला पाळीमागे आठ मिनिटं धरली तर चार तास लागतात. नवख्यांसाठी ‘इंदूर, ऑक्टोबर १८०१’ एवढाच तुकडा मांडा : इंदूरभोवतीचे १० × १२ षटकोन, चार पाळ्या, दीड तास. सदरलंडकडे ६ पलटणी आणि २ तोफखाने, होळकरांकडे ५ पलटणी, २ तोफखाने आणि ४ पागा. हे आकडे खेळाच्या समतोलासाठी बेतलेले आहेत, फौजांची मोजदाद म्हणून वाचू नका. शिंद्यांना इंदूर घेतल्याचे ३ गुण आणि पाडाव तोफखान्यामागे १. होळकरांना चौथ्या पाळीअखेर शाबूत उरलेल्या प्रत्येक पागेमागे १, आणि इंदूर राखलं तर ३. नवा होळकर खेळाडू शहर वाचवायला पागा तोफांसमोर घालतो आणि दोन्ही गमावतो. त्याला दुसऱ्या डावात शिंदे खेळू द्या, मग तिसऱ्यांदा होळकर. या तुकड्यात नर्मदेचे उतार उघडेच ठेवा. ऑक्टोबरच्या मध्याला पाणी ओसरलेलं असतं, आणि जाम घाटाकडची वाट मोकळी असली तरच माघारीचा विचार सुचतो.